पित्त, रंग आणि औषध

६ सप्टेंबर २०११ रोजी जयपुरात जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागातल्या अकरा देशांच्या आरोग्यमंत्र्यांनी एक जाहीरनामा संमत केला. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचा प्रश्न सरकारांनी आपला मानावा, त्यासाठी राष्ट्रीय धोरण आखावे, औषधांच्या मनमानी विक्रीला आणि वापराला आळा घालावा, प्रयोगशाळांचे जाळे उभारून प्रतिरोधावर नजर ठेवावी, असे त्यात ठरले. जागतिक आरोग्य संघटनेचा जागतिक कृती आराखडा यायला अजून चार वर्षे होती. जयपूर म्हटले की आपल्याला हवामहल, रजया आणि कृत्रिम पाय आठवतात. हा जाहीरनामा क्वचितच कुणाला आठवतो. तो आठवायला हवा, कारण त्यात आपले शहाणपण दिसते आणि त्या शहाणपणाची मर्यादाही.

त्यामागे ताजी घटना होती. ऑगस्ट २०१० मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस' या नियतकालिकात एनडीएम-१ या प्रतिजैविके मोडणाऱ्या एन्झाइमची भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधली व्याप्ती मांडणारा लेख आला. एन्झाइमला नवी दिल्लीचे नाव दिले होते आणि आपल्याकडे त्या नावावरूनच एवढा गदारोळ झाला की मूळ मुद्दा बाजूला पडला. एप्रिल २०११ मध्ये त्याच नियतकालिकाने दिल्लीच्या पाण्याची तपासणी छापली. रस्त्याकडेला झिरपून साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये त्या एन्झाइमचे जनुक होते. त्यानंतर पाच महिन्यांनी मंत्री जयपुरात जमले.

पुढे बरेच काही झाले, आणि ते थोडके नव्हते. १ मार्च २०१४ पासून औषध नियमांत 'एच-१' ही नवी अनुसूची लागू झाली आणि तिच्यातली औषधे विकणाऱ्या दुकानदाराला वेगळी नोंदवही ठेवणे भाग पडले. २०१६ मध्ये औषधांच्या पाकिटांवरच्या लाल रेघेचा अर्थ लोकांना सांगणारी मोहीम झाली. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. २०१९ मध्ये कोंबड्या आणि जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिन हे प्रतिजैविक मिसळायला बंदी झाली. जयपूरचे सवाई मानसिंग वैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय प्रतिरोधाच्या एकाच राष्ट्रीय पाहणी जाळ्यात आले. या सगळ्याचा मी आदर करतो. तरीही या प्रत्येक पावलाच्या केंद्रस्थानी एकच वस्तू आहे: प्रतिजैविकाची गोळी. ती कोण लिहून देतो, कोण विकतो, कोण अर्ध्यावर सोडतो, कोण कोंबडीला चारतो. जणू जिवाणूचा प्रतिरोध ही त्या गोळीला, आणि फक्त त्या गोळीला, दिलेली प्रतिक्रिया आहे.

आपल्या आतड्यातल्या जिवाणूंची रचना वेगळे सांगते. त्यांच्या आवरणात बसलेल्या काही वाहक प्रथिनांना औषध, पित्त, साबण, रंग आणि कारखान्यातले रसायन यांत फरकच कळत नाही. नको असलेले ते बाहेर उपसायचे, एवढेच त्यांना येते. हे खरे असेल, आणि त्याचे पुरावे भक्कम आहेत, तर केवळ गोळ्या मोजून प्रतिरोध आवरणार नाही. आपण औषधाला एक खाते, सांडपाण्याला दुसरे आणि कारखान्याला तिसरे नेमले आहे. जिवाणूकडे या तिन्हींसाठी एकच यंत्रणा आहे.

ही यंत्रणा नीट समजून घेण्यासारखी आहे. ई. कोलाय हा आपल्या प्रत्येकाच्या आतड्यात राहणारा जिवाणू. त्याला दोन पटले असतात, एक आतले आणि एक बाहेरचे, आणि दोन्हींच्या मध्ये अरुंद जागा. बाहेरच्या पटलातल्या बारीक छिद्रांतून अन्नाबरोबर औषधही आत झिरपते. पण पेशीच्या गाभ्यापर्यंत पोहोचण्याआधीच त्याला गाठणारी तीन प्रथिनांची एक साखळी तिथे उभी असते. आतल्या पटलात अ‍ॅक्र-बी, बाहेरच्या पटलात टॉल-सी आणि दोघांना जोडणारे अ‍ॅक्र-ए. अ‍ॅक्र-बी मधल्या जागेतून आणि पटलातून पदार्थ उचलते आणि टॉल-सीच्या नळीतून थेट पेशीबाहेर टाकते. टॉल-सीची रचना २००० मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी उलगडली, अ‍ॅक्र-बीची २००२ मध्ये ओसाकाच्या. पंप चालतो कसा, हे कळायला २००६ उजाडले. अ‍ॅक्र-बी तीन सारख्या घटकांचे बनलेले असते, पण कोणत्याही क्षणी ते तिघे एकाच स्थितीत नसतात. रहाटगाडग्याचे एक गाडगे पाण्यात शिरत असते, दुसरे भरून वर येत असते आणि तिसरे पन्हळीत रिकामे होत असते, तसे एक घटक पदार्थ आत घेतो, दुसरा तो घट्ट धरतो, तिसरा सोडून देतो, आणि मग तिघे स्थिती बदलतात. रहाटाला बैल लागतो. इथे ते काम बाहेरून आत येऊ पाहणारे प्रोटॉन करतात.

या पंपाचा कप्पा एका विशिष्ट औषधाच्या मापाचा नसतो. तो प्रशस्त असतो, आणि त्याच्या भिंतीत तेलकट स्वभावाच्या अमिनो आम्लांची दाटी असते. त्यामुळे ज्याला थोडाफार तसा स्वभाव आहे असे जवळपास काहीही तिथे टेकू शकते. टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, सिप्रोफ्लॉक्सासिन, एरिथ्रोमायसिन ही चार औषधे एकमेकांसारखी दिसत नाहीत. ती जिवाणूला चार वेगवेगळ्या तऱ्हांनी मारतात असेही नाही, पण रसायन म्हणून त्यांचे कूळ एक नाही. हा एक पंप चौघांना बाहेर काढतो. १९८० मध्ये अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणू टेट्रासायक्लिन चक्क बाहेर फेकतो हे दाखवले, तेव्हा त्यांना सापडलेला पंप त्या एका औषध-कुटुंबापुरता होता. अ‍ॅक्र-बीने पंप एकाच औषध-कुटुंबापुरता असतो हा समज मोडला. एका औषधाने पंप वाढवला की कधीही न घेतलेल्या दुसऱ्या औषधांचा जोरही त्याच दमात कमी होतो. डॉक्टर ज्याला 'मल्टिड्रग' प्रतिरोध म्हणतात त्याचा एक उगम इथे आहे.

प्रतिजैविके माणसाच्या औषधपेटीत येऊन शंभर वर्षेही झालेली नाहीत. हे पंप त्याहून कितीतरी जुने. मग ते कशासाठी घडले? आतड्यातल्या जिवाणूच्या बाबतीत उत्तराचा मोठा भाग पित्तात आहे. माणसाचे यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. पित्तातले क्षार चरबी फोडतात, आणि जिवाणूचे पटल चरबीचेच असते. आतड्यात राहायचे तर या क्षारांचा मारा रोज सोसायला हवा. ज्या ई. कोलायचा अ‍ॅक्र-बी पंप काढून टाकला तो पित्ताला फार लवकर बळी पडतो. साल्मोनेलाचा पंप काढला तर त्याची रोग घडवण्याची ताकदच घटते. २००३ मध्ये आणखी एक दुवा सापडला. पित्तक्षार पेशीत शिरून रॉब नावाच्या नियामक प्रथिनाला चिकटतात आणि रॉब पंपाचे उत्पादन वाढवायला लावते. म्हणजे रुग्णाने गिळलेली गोळी आतड्यात उतरते तेव्हा तिथला पंप आधीपासून चालू असतो. त्याला गोळीने जागे केलेले नसते.

पंपाला जागे करणारे इतरही आहेत. मार नावाचा नियामक समूह लेव्हींच्याच प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात सापडला. तो सुरू झाला की जिवाणू एकीकडे पंप वाढवतो आणि दुसरीकडे बाहेरच्या पटलातली मोठी छिद्रे कमी करतो. प्रयोगशाळेत या समूहाला सुरू करणाऱ्या पदार्थांत सॅलिसिलेट आहे, म्हणजे अ‍ॅस्पिरिनचे शरीरात जे होते ते. यावरून कुणी हृदयरोगाची गोळी सोडू नये. प्रयोगशाळेतल्या मात्रा वेगळ्या असतात. सांगायचे एवढेच की पंपाच्या नियंत्रणात 'प्रतिजैविक' नावाचा वेगळा विभाग नाही.

रंगांच्या बाबतीत तर हे इतिहासच सांगतो. अ‍ॅक्र जनुकाचा शोध औषधामुळे लागलेलाच नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये ई. कोलायचे असे बदललेले वाण सापडले जे अ‍ॅक्रिफ्लेविन या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्याने सहज मरत. त्यांना इतर रंग आणि साबणासारखे पदार्थही सोसत नव्हते. हे पंपाचे काम आहे आणि तोच पंप प्रतिजैविकेही उपसतो, हे बर्कलीच्या हिरोशी निकाइदो यांच्या गटाने १९९० च्या दशकात दाखवले. अ‍ॅक्रिफ्लेविन स्वतः पाउल एर्लिश यांच्या परंपरेतले. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा त्याने धुतल्या जात. एर्लिश यांनी १९०४ मध्ये ट्रिपॅनोसोम या परजीवीवर वापरलेले औषध म्हणजे एक लाल रंग होता, आणि १९०७ च्या सुमारास त्यांच्याच प्रयोगशाळेत परजीवी त्या रंगांना दाद देईनासे झाल्याची नोंद झाली. औषधाला प्रतिरोध ही गोष्ट माणसाने पहिल्यांदा पाहिली ती रंगांच्या बाबतीत. १९३२ मध्ये जर्मनीत तयार झालेले प्रॉन्टोसिल, ज्याच्या शोधासाठी गेरहार्ड डोमाक यांना १९३९ चे नोबेल जाहीर झाले, तेही कापड रंगवणाऱ्या अ‍ॅझो कुळातले लाल रंगद्रव्य. पॅरिसच्या पाश्चर संस्थेने १९३५ मध्ये दाखवले की शरीरात ते फुटते आणि त्यातून निघणारे सल्फॅनिलॅमाइड जिवाणूला रोखते. रंगाचे औषध करणाऱ्या या फुटण्यात आतड्यातल्या जिवाणूंचा मोठा वाटा असतो. कापडाचा कारखाना आणि औषधाचा कारखाना यांचे मूळ एकच आहे. आपण ते विसरलो, कारण आपल्या सोयीसाठी दोघांचे कायदे वेगळे झाले.

आता सांगानेरकडे वळू. जयपूरच्या दक्षिणेला असलेले हे गाव हातछपाईच्या कापडासाठी पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध आहे. पांढऱ्या जमिनीवरच्या सांगानेरी बुट्ट्या मराठी घरांतल्या साड्यांवर आणि चादरींवरही आहेत. छिपा समाजाची ही कला पूर्वी वनस्पती आणि खनिजांच्या रंगांवर चाले. विसाव्या शतकात कृत्रिम रंग आले, मागणी वाढली, स्क्रीन छपाई आली, आणि धुलाईचे रंगीत पाणी अमानीशाह नाल्यात जाऊ लागले. हा नाला शहराचे सांडपाणीही वाहून नेई, आणि त्याच्या काठी त्याच पाण्यावर भाजीपाला पिकवला जाई. म्हणजे माणसाच्या आतड्यातून आलेले जिवाणू, त्यांच्याबरोबर आलेल्या औषधांचे अवशेष, घराघरांतले साबण आणि जंतुनाशके, कापडाचे रंग, आणि शेवटी पुन्हा ताटात येणारी भाजी, हे सगळे एकाच प्रवाहात.

२००० च्या दशकात राजस्थान विद्यापीठातल्या संशोधकांनी सांगानेरच्या या पाण्याची एम्स चाचणी केली आणि त्यात जनुकांत बदल घडवणारे पदार्थ असल्याचे प्रसिद्ध केले. एम्स चाचणीत साल्मोनेलाचे खास वाण वापरतात. त्यांचे बाह्य आवरण मुद्दाम कमकुवत केलेले असते, कारण धडधाकट साल्मोनेलात रंगांचे मोठे रेणू पुरेसे शिरतच नाहीत. रंगाचा धोका मोजायला माणसाला जिवाणूचे संरक्षण आधी काढून घ्यावे लागले! नाल्यातल्या जिवाणूचे संरक्षण कुणी काढलेले नाही. तो आवरण सांभाळून, पंप चालू ठेवून त्या पाण्यात जगतो.

सांगानेरच्या रंगांनी जयपुरात प्रतिरोध वाढवला, असे मी म्हणत नाही. ते म्हणायला मोजमाप लागते. मी म्हणतो, ते मोजमाप आपल्या नियमांत असायला हवे. आणि दोष छिपा कारागिरांवर ढकलणे तर मला साफ नामंजूर आहे. त्यांनी वापरलेले रंग कुणीतरी परवाना घेऊन बनवले आणि विकले. त्या परवान्यासाठी हा रंग जिवाणूचे काय करतो हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

असा प्रश्न विचारणे ही कल्पनेची भरारी राहिलेली नाही. २०१८ मध्ये 'नेचर' मध्ये एक मोठे काम प्रसिद्ध झाले. हायडेलबर्गच्या युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत नासोस टायपास, पीअर बॉर्क, किरण पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात असलेली हजाराहून अधिक औषधे आतड्यातल्या जिवाणूंच्या ४० वाणांवर तपासली. माणसाच्या पेशींसाठी बनवलेल्या, प्रतिजैविक नसलेल्या औषधांपैकी २४ टक्क्यांनी निदान एका वाणाची वाढ रोखली. चारातले जवळपास एक. टॉल-सी काढलेला ई. कोलाय प्रतिजैविकांना जसा हळवा झाला तसाच या औषधांनाही. यातून निघणारा अर्थ गंभीर आहे: मनोविकाराच्या किंवा इतर जुनाट आजाराच्या औषधाने निवडून काढलेला पंप उद्या मूत्रमार्गाच्या संसर्गावरच्या गोळीला भारी पडू शकतो. पाटील पुढे केंब्रिजला गेले आणि तिथल्या त्यांच्या गटाने २०२५ मध्ये कीटकनाशके, बुरशीनाशके, आग रोखणारी द्रव्ये, प्लास्टिकमधली द्रव्ये अशी १,०७६ रसायने आतड्यातल्या २२ जिवाणूंवर तपासली. १६८ रसायनांनी जिवाणूंना अपाय केला, आणि त्यांतल्या बहुतेकांना जिवाणूनाशक म्हणून कुणी ओळखतही नव्हते. जे जिवाणू टिकले त्यांच्या टिकण्यात पंपांवर ताबा ठेवणाऱ्या जनुकांचा हात दिसला, आणि काही ठिकाणी असा टिकलेला जिवाणू सिप्रोफ्लॉक्सासिनलाही दाद देईना.

जाणकार वाचक इथे एक हरकत घेतील, आणि ती वजनदार आहे. पंपामुळे येणारा प्रतिरोध बहुधा हलका असतो. जिवाणू मरायला लागणारी औषधाची मात्रा तो काही पटींनी वाढवतो, तेवढेच. अतिदक्षता विभागात माणसे दगावतात ती एनडीएमसारख्या एन्झाइमांमुळे. ती औषधाचे तुकडेच करतात. मग या पंपांचे एवढे काय?

२०१९ मध्ये 'सायन्स' मध्ये आलेला फ्रान्सच्या लियों शहरातला एक प्रयोग याचे उत्तर देतो. टेट्रासायक्लिनविरोधी जनुक घेऊन एक प्लास्मिड, म्हणजे जिवाणूतून जिवाणूत जाऊ शकणारे डीएनएचे कडे, नव्या ई. कोलायमध्ये शिरते. बाहेर टेट्रासायक्लिन आहे. नव्या पेशीला वाचायचे तर त्या जनुकावरून प्रथिन बनवायला हवे, पण टेट्रासायक्लिनचे कामच प्रथिन बनवणे थांबवणे हे. या पेचातून जिवाणू सुटायलाच नको होता. तो सुटतो, कारण त्याच्याकडे आधीपासून असलेला अ‍ॅक्र-बीचा पंप औषध थोडे थोडे बाहेर काढत राहतो, तेवढ्या उसंतीत नवे प्रथिन तयार होते आणि पेशी पक्की प्रतिरोधी होते. पंप काढला की ही वाट बंद होते. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीतही क्रम असाच. पंपामुळे जिवाणू अर्धमेला का होईना जगतो, आणि जगलेल्यांच्या विभाजनांत कधीतरी औषधाच्या लक्ष्यात बदल घडवणारे उत्परिवर्तन येते. हलका प्रतिरोध हा पक्क्या प्रतिरोधाला मिळालेला वेळ आहे. मूत्रमार्गाच्या संसर्गावर कमी ताकदीची किंवा अपुऱ्या दिवसांची मात्रा देऊ नये, या जुन्या वैद्यकीय आग्रहामागचे हे नवे कारण.

शिवाय पंप आता गुणसूत्रावरच बसून राहिलेले नाहीत. डेन्मार्कमध्ये डुकरांच्या वाढीसाठी खाद्यात ओलाक्विन्डॉक्स घालत. डुकरांच्या शेणातल्या ई. कोलायमध्ये या द्रव्याला उपसणारा ऑक्स-एबी पंप सापडला, तोही प्लास्मिडवर. तोच पंप क्लोरॅम्फेनिकॉल उपसतो, सिप्रोफ्लॉक्सासिनही उपसतो. पुढे तो अनेक देशांत माणसांच्या जिवाणूंत आढळला. जनावराच्या खाद्यातले एक द्रव्य आणि इस्पितळातले औषध यांची भेट घालून द्यायला एक प्रथिन पुरले.

हे पंप बंद करणारे औषध का काढत नाहीत, असे कुणीही विचारेल. पंचवीसेक वर्षे प्रयत्न चालू आहेत. पंप रोखणारे अनेक रेणू सापडले, पण रुग्णाला देण्याइतका निर्धोक असा एकही अजून मंजूर झालेला नाही. अडचण समजण्यासारखी आहे, कारण माणसाच्या पेशींतही असेच वाहक पंप आहेत आणि जिवाणूचा रोखता रोखता आपला रोखला जातो. आपल्या सर्पगंधेतले रेसर्पिन हे जिवाणूंचे काही पंप रोखणारे आरंभीचे ज्ञात द्रव्य. त्यासाठी लागणारी मात्रा मात्र माणसाला सोसवत नाही. जम्मूच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये मिरीतल्या पायपरिनने स्टॅफिलोकॉकसवर सिप्रोफ्लॉक्सासिनचा जोर वाढतो असे दाखवले. हे मोलाचे संशोधन आहे, आणि ते पुढे न्यायला हवे. पण त्यावरून मिरीचा काढा पिऊन प्रतिरोध हटतो असे संदेश मोबाइलवर फिरवणे हा त्या संशोधनाचा अपमान आहे. स्टॅफिलोकॉकसला बाहेरचे पटल नसते, ई. कोलायच्या दुहेरी पटलापुढे पंप रोखणारे बरेचसे रेणू लंगडे पडतात.

म्हणजे पंपावर गोळी शोधण्याच्या आशेवर बसता येत नाही. उरतो तो मार्ग पंपाला कारण न देण्याचा, आणि इथे आपला कायदा सर्वांत दुबळा आहे. २००७ मध्ये हैदराबादजवळच्या पाटणचेरूत औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडले. माणसाच्या रक्तात उपचाराच्या वेळी असते त्याहून ते कितीतरी जास्त होते. जानेवारी २०२० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांना मर्यादा घालणारा मसुदा काढला. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा वगळलेल्या होत्या. ज्या देशाच्या जयपूर शहरात तो जाहीरनामा झाला त्याच देशाने दहा वर्षांनी एवढी सरळ गोष्टही सोडून दिली, हे मला फार खुपते. प्रतिजैविकांच्याच मर्यादा टिकल्या नाहीत तिथे रंग आणि जंतुनाशकांचे नाव कोण घेणार?

महाराष्ट्राने हे परक्याचे म्हणून वाचू नये. नचिकेत मराठे आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पुण्याच्या मुठा नदीच्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शहराच्या वरच्या अंगाला आणि शहरातून वाहताना असा फरक पाहिला तर शहरातल्या गाळात प्रतिरोधाच्या जनुकांचे प्रमाण कित्येक पट होते, आणि त्यांत अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधांविरुद्धची जनुकेही होती. हे औषध कारखान्याचे पाणी नव्हते. आपल्या घरांतले, न्हाणीघरांतले, इस्पितळांतले प्रक्रियेविना सोडलेले सांडपाणी होते. त्यात जिवाणूनाशक साबणांचाही भाग आहे. ट्रायक्लोसान हे त्या साबणांतले एकेकाळचे लाडके द्रव्य अ‍ॅक्र-बीच्या पंपातून बाहेर पडते, हे लेव्हींच्या गटाने १९९८ मध्येच दाखवले होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ते हात-अंग धुण्याच्या साबणांतून काढायला लावले, कारण साध्या साबणापेक्षा त्याचा अधिक लाभ कंपन्यांना सिद्ध करता आला नाही. घरात जिवाणूनाशक साबण आणून आपण अधिक स्वच्छ होत नाही. नाल्यातल्या जिवाणूला एक निमित्त वाढवून देतो.

जयपुरात अमानीशाह नाल्याची पुन्हा द्रव्यवती नदी करण्याचे काम २०१६ नंतर झाले. सुमारे ४७ किलोमीटरचा प्रवाह, काठाला बांध, बागा, आणि पाच सांडपाणी प्रक्रिया केंद्रे. सांगानेरच्या छपाईसाठी सामाईक प्रक्रिया केंद्रही उभे राहिले. ही कामे गरजेची होती. पण प्रक्रिया केंद्राच्या दाराशी आपण काय तपासतो? पाण्याची आम्लता, त्यातला गाळ, प्राणवायूची मागणी, रंग, काही धातू, आणि विष्ठेतून आलेल्या कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या. या शेवटच्या तपासणीत तंत्रज्ञ त्या जिवाणूला वाढवतो, मोजतो, आकडा लिहितो आणि काचपात्र निर्जंतुक करून टाकून देतो. ते जिवाणू कोणकोणत्या औषधांना पुरून उरतात, हे त्याला कुणी विचारत नाही. पुण्यातही असेच, नागपुरातही असेच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. राजस्थान आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांनी कोलिफॉर्मच्या आकड्याबरोबर त्या जिवाणूंचा प्रतिरोधही नोंदवावा. रंगाच्या किंवा रसायनाच्या सांडपाण्याची जिथे शहरी सांडपाण्याशी भेट होते त्या जागा आधी घ्याव्यात: सांगानेर, इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी. नव्या रंगाला, जंतुनाशकाला किंवा कीटकनाशकाला परवाना देताना माशांवर आणि उंदरांवर जशी चाचणी मागतात तशी आतड्यातल्या निवडक जिवाणूंवरही मागावी. आरोग्य, पर्यावरण आणि उद्योग या खात्यांनी ते आकडे एकाच तक्त्यात ठेवावेत. आपल्या नगरसेवकाला, आमदाराला शहराच्या प्रक्रिया केंद्राबद्दल विचाराल तेव्हा हा प्रश्नही विचारा.

यासाठी नवे शास्त्र लागत नाही. माणूस, जनावर आणि पाणी या तिन्हींतला ई. कोलाय एकाच पद्धतीने तपासण्याची 'ट्रायसिकल' कार्यपद्धती जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये छापून दिली आहे. औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या जिवाणूच्या थरावर ठेवून रोधाचे वर्तुळ मोजण्याची रीत १९६६ पासून प्रमाणित आहे. वाढवलेला जिवाणू हाताशी असला की तिला एक रात्र लागते, आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या कोणत्याही सूक्ष्मजीवशास्त्र विभागात ती रोज केली जाते.